दृष्टिशब्द, बोली आणि बालवाचन : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

१

मराठीच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी वाचत नाहीत, ही तक्रार प्राध्यापकांच्या चर्चासत्रांत आता नवी राहिलेली नाही. तिची कारणमीमांसा करताना दूरदर्शन, भ्रमणध्वनी, इंग्रजीचे आक्रमण, परीक्षापद्धती अशी अनेक नावे घेतली जातात. मात्र वाचन या क्रियेचा आरंभ जेथे होतो, त्या वयाकडे व त्या वर्गाकडे मराठी विभागांचे लक्ष सहसा जात नाही. बालवाडी हा शिक्षणशास्त्राचा प्रांत, अंकलिपी ही छापखान्याची बाब आणि साहित्याचा अभ्यास म्हणजे संहितेचा अभ्यास, अशी एक सोयीची वाटणी होऊन बसली आहे. मुलाच्या हाती पडणारी पहिली मराठी संहिता अंकलिपी हीच असते, याचा या वाटणीत विसर पडतो.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात हा विसर अधिक खटकणारा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत वाशीमचा समावेश होता. आणि त्या यादीच्या निकषांत शिक्षणाला महत्त्वाचे स्थान होते. दुसरीकडे, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरात घडवून आणला, ते नगर म्हणजे आजचे वाशीम होय. ज्या भूमीत काव्य आणि साहित्यविद्या यांचा संयोग कल्पिला गेला, तेथील बालकाचा अक्षराशी होणारा पहिला संयोग कसा घडतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने परका मानण्याचे कारण नाही.

२

गेल्या काही वर्षांत विदर्भातील लहानमोठ्या गावांतून इंग्रजी माध्यमाच्या शिशुशाळांचे पेव फुटले आहे. विदर्भात या शाळांना सर्रास ‘कॉन्व्हेंट’ म्हटले जाते. नर्सरी, केजी वन, केजी टू अशा पायऱ्यांनी मूल पहिलीपर्यंत येते आणि या पायऱ्यांवर त्याची गाठ ‘साइट वर्ड्स’ या प्रकाराशी पडते. एका तक्त्यावर वीसपंचवीस शब्द असतात. ते सुटे न करता, पाहताक्षणी ओळखावेत अशी अपेक्षा असते. मराठीत यासाठी ‘दृष्टिशब्द’ ही संज्ञा योजता येईल. आता मराठी बालवाड्यांसाठीही असे तक्ते व चित्रपत्ते तयार होऊ लागले आहेत. शब्द मराठी आणि पद्धत इंग्रजीची, असे त्यांचे स्वरूप असते. ही उसनवारी कितपत योग्य, हे तपासण्यासाठी दृष्टिशब्दांची मूळ कल्पना कोणत्या गरजेतून आली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

एडवर्ड डॉल्च या अमेरिकन अभ्यासकाने १९३६ मध्ये २२० शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. बालवाचनाच्या पुस्तकांत वारंवार येणारी सर्वनामे, क्रियापदे, अव्यये व विशेषणे तीत होती. नामे त्याने मुद्दाम वगळली आणि ९५ नामांची यादी वेगळी केली. वारंवार येणारे शब्द चटकन ओळखता आले तर वाचनाचा वेग वाढतो व लक्ष अर्थाकडे लागते, ही त्यामागची भूमिका होती. तिला इंग्रजीच्या लेखनपद्धतीची एक विशिष्ट जोड होती. इंग्रजीतील ‘द’, ‘ऑफ’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे अत्यंत नेहमीचे शब्द अक्षरांच्या सामान्य उच्चारावरून वाचता येत नाहीत. अशा वेळी ते पाहून पाठ करणे हा एक व्यावहारिक तोडगा होता.

या तोडग्याचाही पुढे अतिरेक झाला. संपूर्ण शब्द चित्रासारखा लक्षात ठेवावा, अशी समजूत रूढ झाली. लिनिया एरी यांच्या संशोधनाने ही समजूत दुरुस्त केली. वाचकाला पाहताक्षणी ओळखता येणारा शब्द हा चित्र म्हणून स्मरणात राहत नाही. त्यातील अक्षरे, त्यांचे ध्वनी आणि शब्दाचा अर्थ यांची गाठ बसल्यामुळे तो स्मरणात पक्का होतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे दृष्टिशब्द ही वाचनाची सुरुवात नसून वाचनाच्या सरावाचे फलित आहे. इंग्रजीबाबतही जी गोष्ट मर्यादित अर्थाने खरी, ती मराठीत तशीच आणून बसविली तर काय होईल, याचा विचार तक्ते छापणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

३

देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे. त्यामुळे मराठीत दृष्टिशब्दांची गरजच नाही, असे यावर कुणी म्हणेल. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. इंग्रजीतील मुलाला २६ अक्षरे शिकावी लागतात. मराठीतील मुलापुढे ३४ व्यंजने गुणिले १२ स्वररूपे अशी चारशेहून अधिक अक्षररूपे उभी असतात आणि जोडाक्षरे निराळीच. कन्नडसारख्या अशाच रचनेच्या लिपीचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ मध्ये असे दाखवून दिले की, अक्षरज्ञानाची ही प्रक्रिया प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेपर्यंत चालू राहते. पालघर जिल्ह्यातील वाडा व कर्नाटकातील यादगीर येथे २०११ ते २०१६ या काळात शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातही हीच अडचण पुढे आली. वर्गातील बराच वेळ मुळाक्षरे व बाराखडी यांत जातो, अर्थपूर्ण वाचन पुढे ढकलले जाते आणि तरीही अनेक मुलांचे अक्षरज्ञान कच्चे राहते.

दुसरी गोष्ट अशी की, मराठीचे लेखन वाटते तितके पारदर्शक नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत लिहिला जाणारा ‘च’ एकच, पण उच्चार दोन आहेत. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील ‘झ’ची गतही तीच. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी एक प्रकारे व जगण्याची आज्ञा या अर्थी दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. कागदावर दोन्ही सारखेच. ‘बदक’ या शब्दातील अंत्य ‘क’ लिहिताना पूर्ण, बोलताना निभृत. सुटी अक्षरे ‘ब’, ‘द’, ‘क’ अशी म्हणणाऱ्या मुलाला त्यांवरून ‘बदक’ या उच्चारावर उडी घ्यावी लागते. ‘कंप’, ‘अंगण’ व ‘सिंह’ यांतील एकाच अनुस्वाराचे तीन वेगळे उच्चार होतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा व १९७२ चे चार नियम पाळणाऱ्या छापील मजकुरात ‘असे केले’ येते. मुलाच्या कानावर मात्र ‘असं केलं’ असते.

मराठी घरात वाढलेले मूल या अडचणी विनासायास ओलांडते, कारण तो शब्द त्याच्या तोंडात आधीच असतो. अक्षरे त्याला शब्दाच्या जवळ नेऊन सोडतात. उरलेले अंतर ओळखीच्या बळावर कापले जाते. शब्दच ओळखीचा नसेल तर मूल अक्षरांशी अडखळत राहते. लिपी पारदर्शक आहे ती भाषा जाणणाऱ्यासाठी. म्हणून मराठीच्या बालवाचनात शब्दसंपत्ती हा अक्षरज्ञानानंतरचा टप्पा नसून त्याची पूर्वअट आहे. प्रस्तुत विवेचनाचा हा मध्यवर्ती मुद्दा होय.

४

वाशीम जिल्ह्यातील बालकाच्या तोंडी कोणते शब्द असतात? येथील बहुसंख्य मराठी मुलांची घरची भाषा वऱ्हाडी. ग्रियर्सनने ‘लिंग्विस्टिक सर्व्हे’च्या मराठीला वाहिलेल्या, १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात या बोलीची दखल घेतली, गो. नी. दांडेकरांच्या ‘पूर्णामायची लेकरं’ व उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबऱ्यांनी तिला साहित्यात स्थान दिले. या बोलीत प्रमाण मराठीतला ‘ळ’ पुष्कळदा ‘य’ होतो : डोया, काया, जवय. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो : पानी, कोन. ‘मला, तुला’ ऐवजी ‘मले, तुले’, ‘कशाला’ ऐवजी ‘कायले’ आणि ‘इथे’ ऐवजी ‘अथी’ असे शब्द येतात.

आता अंकलिपी उघडून पाहावी. ‘ण’ बाणाचा, ‘ळ’ बाळाचा, असे तेथे शिकविले जाते. अक्षर आणि ध्वनी यांची जोड घालून देणे हा या पाठाचा हेतू. पण ज्या घरात हे दोन ध्वनी ‘न’ आणि ‘य’ यांत मिसळून गेले आहेत, तेथील मुलासाठी ही जोड कानावरून बसत नाही. त्याने ‘पानी’ लिहिले तर ते कानाशी प्रामाणिक राहून केलेले अचूक लेखन असते. त्यावर पडणारी लाल फुली मात्र त्याला स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवायला शिकविते. मराठीत डोळ्यांनी ओळखण्याच्या शब्दांना काही खरी जागा असेल तर ती येथे आहे. ‘पाणी, कोण, आणि, डोळा, जवळ, शाळा’ हे शब्द वऱ्हाडी मुलाच्या दृष्टीने इंग्रजीतील अनियमित शब्दांसारखे आहेत. त्याचप्रमाणे ‘मला, तुला, इथे, कशाला’ हे छापील मराठीत वारंवार येणारे शब्दही. म्हणजे मराठीची दृष्टिशब्दांची यादी सर्व महाराष्ट्रासाठी एक असू शकत नाही. पुण्याच्या मुलाला जो शब्द कानाने मिळतो, तो रिसोडच्या मुलाला डोळ्याने मिळवावा लागतो. मुंबईत छापलेला तक्ता मानोऱ्याच्या भिंतीवर टांगताना हा भेद हरवतो.

वऱ्हाडीच्या पलीकडे आणखी भाषा आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जिल्ह्यात तांड्यांची वस्ती मोठी आहे. तांड्यावरच्या मुलाची भाषा गोरमाटी. ती राजस्थानी गटातील असून तिला स्वतंत्र लिपी नाही. देवनागरीत ती लिहिली जाते. या मुलाची आई ‘याडी’ आणि भाकर ‘बाटी’. गावागावांतील उर्दूभाषक मुलांची गोष्ट आणखी निराळी. या मुलांसाठी ‘माझा’ व ‘माझी’ यांतील ‘झ’चा भेद उपजत नसतो, मराठी शब्दच नवा असल्यामुळे अक्षरे जुळवूनही हाती काही लागत नाही. तीन ते सहा या वयात त्यांना मराठी बोलण्याऐकण्याचा भरपूर अवसर न देता थेट अक्षरे गिरवायला लावणे म्हणजे पेरणीआधी कापणीची तयारी करण्यासारखे आहे.

अंकलिपीतील चित्रशब्दांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. अननस, इमारत, ईडलिंबू, एडका, ऋषी, षट्कोन ही मालिका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वाशीमच्या खेड्यातील मुलाच्या अनुभवात वावर आहे, पऱ्हाटी आहे, तूर आहे, बंडी आहे, वखर आहे. पहिल्या ओळखीसाठी हे शब्द पुस्तकात नसतात. आणि जे असतात त्यांचे चित्र ओळखण्यापासून शिकवणी सुरू होते. ‘ई’ शिकण्यासाठी आधी ईडलिंबू शिकावे, हा द्राविडी प्राणायाम आहे.

५

या प्रश्नाची उत्तरे मराठी भूमीत शोधली गेली नाहीत, असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साहाय्याने जे काम उभे केले, त्यात मुलाच्या परिसरातील वस्तू आणि त्याची बोली यांना मानाचे स्थान होते. पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी नेण्याच्या त्यांच्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला; २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. शब्द सर्वत्र पोहोचला. त्यामागचा शिक्षणविचार तेवढ्या प्रमाणात पोहोचला नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी ‘टीचर’ या १९६३ च्या पुस्तकात असाच अनुभव मांडला. मूल ज्या शब्दाशी भावनेने बांधलेले असते तो शब्द ते एकदा पाहून लक्षात ठेवते, म्हणून पहिला शब्द शिक्षकाने द्यावयाचा नसून मुलाकडून घ्यावयाचा असतो, हे त्यांचे प्रतिपादन होते.

फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी याला लिपीच्या अंगाने पूरक अशी रीत घडविली. मुळाक्षरे क्रमाने संपवून मग बाराखडी, मग शब्द, ही उतरंड त्यांनी मोडली. थोडी व्यंजने व त्यांसोबत स्वरचिन्हे असे लहान गट करून, पहिल्या गटापासूनच मुलाला अर्थपूर्ण शब्द व वाक्ये वाचता यावीत, असा तो क्रम आहे. मराठीच्या जुन्या पाठशाळांतील ‘ग म भ न’ हा क्रमही वर्णमालेचा नव्हता. तो हाताच्या वळणाच्या सोयीचा होता. क्रम बदलला म्हणून परंपरा बुडत नाही, इतके यावरून स्पष्ट व्हावे.

ही रीत वाशीमच्या शब्दांवर आधारता येईल. म, य, क, व, र, त ही सहा व्यंजने आणि एक काना एवढ्या सामग्रीतून माय, मामा, काका, मका, तवा, वारा, रात, काम, वावर हे शब्द तयार होतात; ‘काका वावरात’ असे वाक्यवजा वाचनही साधते. यांतील एकही शब्द येथील वऱ्हाडी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. सहा अक्षरे शिकलेले मूल वाचू लागते आणि वाचनातून अर्थ निघतो हा त्याचा पहिला अनुभव ठरतो. तांड्यावरच्या अंगणवाडीत पहिला गट निराळा असेल. त्यात ‘याडी’ व ‘बाटी’ या शब्दांना स्थान असेल. त्यानंतर तीसचाळीस नेहमीच्या प्रमाण शब्दांची ओळख जोडीने करून द्यावी. बोलताना ‘मले’, पुस्तकात ‘मला’. घरी ‘पानी’, पुस्तकात ‘पाणी’. येथे एक रूप चूक व दुसरे बरोबर असा निवाडा नसतो, तर दोन प्रसंगांची दोन रूपे असतात. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष तपशील प्राकृतात आहे. एकाच पटावर दोन भाषा आपापले काम करीत नांदू शकतात, याचा याहून जुना दाखला याच गावात मिळावा, हे लक्षणीय आहे.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बोलीत शिकविल्याने खेड्यातील मूल प्रमाण भाषेपासून आणि पर्यायाने संधीपासून दूर राहील. आक्षेपामागची काळजी खरी आहे. ती पालकांच्या अनुभवातून आलेली आहे. परंतु येथे प्रमाण भाषा वगळण्याचा प्रस्ताव नाही. तिच्याकडे जाण्याच्या वाटेचा आहे. ज्याला सहाव्या वर्षी वाचनातून अर्थ सापडला, तो दहाव्या वर्षी प्रमाण मराठीत सहज वावरतो. ज्याला अक्षरे पाठ झाली पण अर्थ लागला नाही, तो प्रमाण भाषेपासूनही वंचित राहतो आणि बोलीचीही लाज बाळगू लागतो.

दुसरा आक्षेप पालकांच्या इच्छेचा. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. आता पालकांना ते त्याहीआधी हवे आहे. ही इच्छा तुच्छ लेखण्याचा अधिकार इंग्रजीचे लाभ घेतलेल्या प्राध्यापकवर्गाला नाही. पण इंग्रजीचे तक्ते पाठ करणारे मूल ‘द’ व ‘ऑफ’ ओळखते, तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येते असे नव्हे. हे शब्द वाक्यात काम करतात. वाक्य कळण्यापुरते इंग्रजी त्याच्या कानावर पडलेले नसते. अर्थ शोधत वाचण्याची सवय एका भाषेत लागली तर ती दुसऱ्या भाषेत नेता येते. कोणत्याच भाषेत लागली नाही तर नेण्यासारखे काही उरत नाही.

शासकीय धोरणाची भाषा आज या विचाराला प्रतिकूल नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेवर भर दिला. २०२१ च्या निपुण भारत अभियानाने बालवाटिकेच्या अखेरीस दोनतीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने मौखिक भाषाविकास, शब्दओळख, वाचन व लेखन यांना सोबतीने चालविण्यास सांगितले. मात्र दोनतीन अक्षरांचे सोपे शब्द कोणते, कोणासाठी सोपे, हे धोरण सांगू शकत नाही. ते त्या त्या परिसराच्या भाषेचा अभ्यासकच सांगू शकतो.

येथेच मराठी विभागांची जबाबदारी सुरू होते. वाशीम जिल्ह्यातील तीन ते सहा वर्षांची मुले प्रत्यक्ष बोलताना कोणते शब्द वापरतात, याची तालुकावार, बोलीवार नोंद होणे आवश्यक आहे. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत बोलींवर, म्हणींवर, लोकगीतांवर प्रबंध झाले आहेत आणि होत आहेत. त्यांत वृद्धांच्या बोलीचे संकलन असते, बालकांच्या बोलीचे क्वचितच. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ज्या गावांतून येतात, तेथेच अंगणवाडी आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील मुलांच्या तोंडचे शेदोनशे शब्द प्रसंगासह टिपले, तर वर्षभरात एक महाविद्यालय आपल्या तालुक्याचा बालशब्दसंग्रह सिद्ध करू शकेल. त्यावरून अंगणवाडी सेविकेच्या हाती द्यावयाचा अक्षरगट, शब्दांची यादी, दहावीस छोट्या गोष्टी तयार होतील. त्याचबरोबर अंकलिपी ही एक संहिता मानून तिच्या शब्दनिवडीचा, चित्रांचा व गृहीतकांचा चिकित्सक अभ्यास व्हायला हवा. या कामाला मोठ्या अनुदानाची गरज नाही. त्याला प्रबंधाच्या विषयांच्या यादीत प्रतिष्ठा मिळण्याची गरज आहे.

पदवी वर्गात वाचणारा विद्यार्थी हवा असेल, तर तो घडविण्याचे काम पंधरा वर्षे आधी, कुणाच्या तरी अंगणात, ‘वावर’ या शब्दापाशी सुरू करावे लागेल. तो शब्द निवडून देण्याइतके भाषाज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी ते काम इतरांवर सोपवून चालणार नाही.